भांडण फक्त प्राण्यांवरून

“उंटाच्या गुडघ्याला तडा गेलाय,” मास्तर म्हणाले आणि चष्मा कपाळावर सरकवून खाली वाकले.

“तडा नाही तो, रंगाची रेघ आहे,” बाई म्हणाल्या. “भेगाळलेली जमीन दाखवायची असेल चित्रकाराला.”

“जमीन दाखवायला गुडघाच सापडला?”

“तुमची नजर गेली ना तिथं? मग झालं त्याचं काम.”

घड्याळांच्या दुकानासमोरच्या त्या उंटाभोवती जमलेले लोक हसले. शहराच्या मध्यभागात असे प्राणी ठिकठिकाणी उभे केलेले होते. सगळे फायबरचे, माणसाहून उंच, आणि प्रत्येक प्राणी वेगळ्या चित्रकाराने रंगवलेला. टपाल कचेरीपाशी अस्वल, बँकेच्या पायऱ्यांशी जिराफ, नाट्यगृहाच्या दारात शहामृग. पदपथावर रंगवलेली पिवळी पावले एका प्राण्याकडून पुढच्या प्राण्याकडे नेत. आज शेवटचा दिवस होता. उद्या क्रेन येणार होती. त्यामुळे रस्ता माणसांनी नुसता फुलून गेला होता.

मास्तरांनी तंत्रशाळेत फिटिंग शिकवण्यात हयात घालवली होती, म्हणून त्यांची नजर आधी नट-बोल्टांकडे जाई. बाई चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांना रंगाखेरीज काही दिसत नसे. जिराफापाशी दोघे अचानक समोरासमोर आले, तेव्हा मास्तर चौथऱ्याचा बोल्ट हलवून पाहत होते, आणि बाईंनी “हात लावू नका, पाटी वाचता येत नाही का?” असे सुनावले होते. सुरुवात तिथूनच झाली.

त्याच संध्याकाळी बाईंनी अटी घातल्या. एकमेकांना अहो-जाहोच करायचे. घरचा विषय काढायचा नाही. भांडायचेच असेल तर प्राण्यावरून भांडायचे, तेही त्याच्यासमोर उभे राहून. चालू लागल्यावर भांडण तिथेच सोडून द्यायचे. मास्तरांना हे मनापासून पटले. चालत्या यंत्रात हात घालू नये, हे ते विद्यार्थ्यांना सांगतच आले होते.

त्यानंतर दोघांची एकही संध्याकाळ चुकली नव्हती. मास्तर इस्त्रीचा सदरा घालू लागले, आणि ते लेकीच्या नजरेतून सुटणे शक्य नव्हते. आज सकाळी चहा गाळता गाळता तिने विचारलेच.

“बाबा, कोणी आहे का?”

मास्तरांनी वर्तमानपत्र खाली केले नाही. “आहे.”

“तुमचा स्वभाव माहीत आहे तिला?”

“आहे.”

“तरी येते?”

“तरी येते.”

लेक हसली. मग कप बाजूला ठेवून समोर बसली. “माझी ना नाही, बाबा. पण आईच्या वेळी जे सोसलं, ते पुन्हा मला झेपणार नाही. कोण आहे ते आधी मला दाखवा. पटलं तर मी स्वतः पुढं होऊन सगळं करीन. नाही पटलं, तर मी माझं बिऱ्हाड दुसरीकडं हलवीन. मग रोज उठून मी इथं दिसणार नाही.”

“संध्याकाळी पाणघोड्यापाशी ये,” मास्तर म्हणाले. वर्तमानपत्र उलटे धरले गेले आहे, हे त्यांच्या नंतर ध्यानात आले.

आता उंट मागे पडला होता आणि पिवळी पावले कारंज्याच्या दिशेने वळली होती. पुढे कुठेतरी बँड वाजत होता. मास्तरांची पावले आपसूक त्या ठेक्यावर पडत होती.

“तुमचं आज लक्ष नाही,” बाई म्हणाल्या. “शहामृगाच्या बोल्टला साधा हातही लावला नाहीत.”

“मुलीला बोलावलंय. पाणघोड्यापाशी.”

बाई जागच्या जागी थांबल्या. “मला न विचारता?”

“विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात.”

“म्हणालेच असते.” पण त्यांनी पाऊल मागे घेतले नाही. “काय सांगितलंत तिला?”

“कोणीतरी आहे, एवढंच.”

“मला तर तेवढंही सांगायचा धीर झाला नाही. आणि तिला पटलं नाही तर?”

“घर सोडून जाईन म्हणते.”

“आणि हे तुम्ही हसत सांगताय?”

“हसत नाहीये. सकाळपासून तोंडच असं झालंय.”

बाईंनी पदर सारखा केला, केसांवरून हात फिरवला. “कशी दिसतेय मी?”

“जिराफापाशी दिसत होतात तशीच.”

“म्हणजे चिडलेली.”

“म्हणजे छान.”

कारंज्याजवळचा पाणघोडा सर्वांत देखणा होता. त्याच्या निळ्या अंगावर असंख्य खिडक्या रंगवलेल्या होत्या आणि प्रत्येक खिडकीत दिवा होता. गर्दीने दोघांना ढकलत ढकलत त्याच्या उघड्या जबड्यापर्यंत नेले.

“भांडा ना काहीतरी,” बाई हळूच म्हणाल्या. “हातपाय गार पडलेत माझे.”

मास्तरांनी जबडा न्याहाळला. “याचे दात एका रेषेत नाहीत.”

“तुमचे तरी कुठं आहेत?”

मास्तर मोकळेपणी हसले, आणि त्या हसण्याच्या भरात त्यांनी बाईंचा हात हातात घेतला. बाईंनी तो काढून घेतला नाही.

तेवढ्यात गर्दीतून लेक येताना दिसली. कचेरीतून थेट आलेली. खांद्याला बॅग, चेहऱ्यावर धावपळीची लाली. तिने दुरूनच वडिलांना हात केला. ती कोणाला तरी पाहायला आली होती, आणि ती उत्सुकता तिच्या डोळ्यांत मावत नव्हती. माणसे बाजूला सारत ती पाणघोड्याला वळसा घालून पुढे आली.

आधी तिने एकमेकांत गुंफलेले ते दोन हात पाहिले. मग नजर वर नेली.

“आई,” लेक म्हणाली, “घटस्फोटाच्या कागदांवर सही केलीस तेव्हा तू म्हणाली होतीस, या माणसाचं तोंड पुन्हा पाहणार नाही.”