चेंडूमागे फिरणारा कॅमेरा

कॅमेरे विकण्यात माझा हात धरणारा कोणी नाही. मुलींच्या फुटबॉल संघाच्या प्रशिक्षक बाई मात्र दुकानात येऊन एवढंच म्हणाल्या, “सामने घरच्यांना लाइव्ह दाखवायचेत. फोन बसवायला एक उंच स्टँड द्या, बस्स.”

“अहो बाई, एका जागेवरून अख्खं मैदान दाखवणार? त्यापेक्षा हा कॅमेरा घ्या. चेंडूमागे आपोआप फिरतो!” पुरावाही माझ्याकडे तयार होता. माझी लेक त्यांच्याच संघात; कालच्या सामन्याला मी हाच कॅमेरा मैदानात उभा केला होता. दुकानातल्या मोठ्या टीव्हीवर चित्रण सुरू केलं. चेंडू एकदाही नजरेआड झाला नव्हता.

बाईंनी मन लावून पाहिलं. “झकास! आता यात तुमची लेक दाखवा.”

मी चित्रण पुढे-मागे करत राहिलो. लेक गोलकीपर, आणि आमच्या पोरींनी सगळा सामना समोरच्यांच्या गोलपाशीच खेळला होता.

बाईंनी स्टँड स्वतःच काढून काउंटरवर ठेवला. “दादा, बघायला बसतात ते सगळे मुलींच्या घरचे. चेंडूच्या घरचं कोणी नसतं.”