इनामुरांचे खेकडे

खेकडे जिवंत होते. डब्यात बर्फावर पाय हलवत पडले होते, आणि तोगावाला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

"वर्षअखेरची भेट समज," इनामुरा म्हणाले. "जरा लवकर आली, एवढंच."

वर्षअखेरची भेट डिसेंबरात येते, तीही दुकानातून परस्पर. नोव्हेंबरात चार तास गाडी हाकत कोणी खेकडे आणून देत नाही. त्यातून रविवारी या दोघांचेच फुटबॉल संघ समोरासमोर. हंगामाचा शेवटचा सामना. इनामुरा ज्या संघाचे प्रशिक्षक, तो तळाशी. हरला की खालच्या श्रेणीत जाणार. तोगावा ज्या संघाचा प्रशिक्षक, तो मधोमध. तो जिंकला काय नि हरला काय, कोणाला सोयरसुतक नव्हतं.

इनामुरांनी चहा घेतला. गुडघ्यांबद्दल बोलले, समुद्रावरच्या वाऱ्याबद्दल बोलले. मग विचारलं, "पुढच्या वर्षाचं काही ठरलं का तुझं?"

"नाही. इथला करार वाढवत नाहीत. दुसरीकडून अजून फोन नाही."

"फुमिएला आमच्याकडची थंडी सोसेल का रे?"

तोगावाची बायको फुमिए चहा ओतत होती. ती हसली. "बर्फ उपसायला हे असतीलच की."

"बघू," म्हणत इनामुरा उठले. "रविवारी ये तर खरा."

आमच्याकडे शहाण्याला तोंडानं सांगावं लागत नाही. ज्याला सांगावं लागतं त्याला लोक हसतात. तोगावानं न बोललेलं सगळं ऐकलं.

शाळेच्या संघात इनामुरा कप्तान होते, तोगावा दोन वर्षांनी धाकटा. त्यांचे चिखलाचे बूट यानंच धुतले. शाळा सुटल्यावर याला कोणी घेईना, तेव्हा इनामुरांनीच आपल्या कंपनीच्या संघात चिकटवलं. पुढे दुसऱ्या संघात गेल्यावर याच तोगावानं अगदी शेवटी डोक्यानं गोल मारून इनामुरांना चषकाबाहेर काढलं. इनामुरा तेव्हा भर मैदानात त्याच्यापुढे वाकले होते. तोगावाचं नाव झालं ते त्या एका गोलानं.

आता तोच माणूस त्याची भरपाई मागत होता, आणि वर नोकरीचं गाजर दाखवत होता. जन्मभर ज्याला देव मानलं तो खेकडे घेऊन दारात आला, याची तोगावाला शिसारी आली.

फुमिएनं खेकडे उकडले. घरभर वास सुटला.

"खा ना," ती म्हणाली. "एरवी परवडतात का आपल्याला?"

"तूच खा."

"माणूस एवढ्या लांबून आला. त्याचा मान तरी ठेव."

त्यानं एक तंगडी तोडली, तोंडात घातली आणि मोरीत जाऊन थुंकून टाकली.

रविवारी इनामुरांच्या मैदानावर तोगावानं बचावातले दोघे भरवशाचे खेळाडू बाहेर बसवले. त्याचा मदतनीस हिराइवा यादी बघून म्हणाला, "यांना दुखापत आहे का? मला कसं माहीत नाही?"

"पोरांना संधी द्यायचीय."

"आज?"

"आजच."

तरीही मध्यंतराआधी तोगावाच्याच संघानं गोल केला. चिकामोरीनं तिघांना चकवून मारला, आणि धावत येऊन तोगावाच्या गळ्यात पडला. तोगावाला घाम फुटला. मध्यंतरात त्यानं चिकामोरीलाच बसवलं.

"साहेब, माझं काय चुकलं?"

"पाय जड वाटतात तुझे."

चिकामोरीनं त्याच्याकडे नुसतं बघितलं, चिखल चिकटलेल्या जागी बघावं तसं. तोगावानं मान वळवली. हे आपण उपकारासाठी करतोय की नोकरीसाठी, हे त्याचं त्यालाच सांगता येईना, आणि त्याला सगळ्यात जास्त किळस आली ती याची.

मग व्हायचं ते झालं. इनामुरांच्या संघानं एक गोल फेडला, शेवटी शेवटी दुसरा मारला आणि तो वाचला. यजमानांच्या बाजूला माणसं एकमेकांना मिठ्या मारून रडत होती. तोगावा आपली पोरं घेऊन आपल्या पाठीराख्यांच्या सज्ज्यासमोर गेला आणि रीतीप्रमाणे कमरेत वाकला. पहाटे बसमध्ये बसून आलेली माणसं होती ती. त्यातली एक आजी कठड्याला धरून म्हणाली, "हरा रे, हरण्याचं काही नाही. पण आम्हाला मूर्ख नका समजू."

तो वाकलेलाच राहिला. वर बघायची हिंमत नव्हती.

मैदानातून आत जाणाऱ्या बोळात इनामुरा एकटेच उभे होते. तोगावाला वाटलं, आता हा आभार मानणार आणि आपल्याला इथेच ओकारी होणार.

"चिकामोरीला का काढलंस?" इनामुरांनी विचारलं.

"राहू द्या ना, इनामुरा-सान. तुम्ही वाचलात. तुमचं माझं फिटलं."

"काय फिटलं?"

"तुम्ही घरी आलात. मी समजलो."

इनामुरांनी त्याच्याकडे बघितलं. त्यांच्या तोंडावर जे उमटलं ते तोगावानं ओळखलं. गेला आठवडाभर तो तेच तोंड घेऊन फिरत होता.

"माझे गुडघे गेले, तोगावा. मी या हंगामानंतर थांबतोय. हंगाम चालू असताना दुसऱ्या संघाच्या प्रशिक्षकाशी हे बोलता येत नाही, म्हणून बोललो नाही. आमच्या अध्यक्षांनी विचारलं, तुमच्या जागी कोण? मी म्हटलं, एकच माणूस आहे. समोर मी असलो तरी तो सामना सोडणार नाही. रविवारी स्वतः बघा."

इनामुरांनी टोपी डोक्यावर ठेवली.

"चिकामोरीला बसवलंस, तेव्हाच अध्यक्ष उठून गेले."