राखेची तीट

ग्वाटेमालातलं अँटिग्वा, स्पॅनिश लोकांनी वसवलेलं जुनं शहर, पाहून आम्ही फ्रीमाँटला घरी परतलो, त्याला आठवडा झाला. तिथं भूकंपात छप्पर कोसळलेल्या चर्चमध्ये माझी सात महिन्यांची स्वानंदी गाढ झोपली होती. मागे ज्वालामुखी धुमसत होता.

तेव्हापासून रोज दुपारी ती झोपेतून उठते, तेव्हा तिच्या गालावर तीट असते. काजळाची नाही, राखेची. बोटाला खरखरीत लागते.

संशय नवऱ्यावर, देवदत्तवर होता. “अगं, मी ऑफिसात असतो,” तो फोनवर हसला. “तूच लावून विसरत असशील.”

आज तिला झोपूच दिलं नाही. दार लावलं, गाल पुसला आणि पिल्लाला छातीशी धरून भिंतीला पाठ टेकून बसले.

माझ्या खांद्यावरून भिंतीकडे बघत ती हसली आणि तिनं गाल पुढे केला.