संपूर्ण कुटुंबाचे बूट

जागृतीने प्लास्टिकच्या पाकिटातून ते माहितीपत्रक अलगद बाहेर काढलं आणि गमऱ्यांनी ते लगेच ओळखलं. चार पानी, गुळगुळीत. मधोमध आकाशी रंगाची वेल्बी गाडी, तिच्याभोवती हसणारं गोरं कुटुंब.

"काका, तुम्ही कंपनीच्या ऑफिसात होता ना? हे मराठीत कुणी केलं, आठवतंय?"

"छे गं. खूप लोक होते तिथे," गमरे म्हणाले.

मराठी करणारा एकच होता. तोच आता दिवाळे गावात, नामाशेठच्या अंगणात, खुर्चीवर अंग चोरून बसला होता. चोराच्या मनात चांदणं! जागृतीचा फोन आला तेव्हाच नाही म्हणायचं, तर पोरीला कितपत कळलंय ते बघायला गमरे खांदेश्वरहून रिक्षा करून आले.

वेल्बी विलायतेत खपली नाही, मग तिचे साचे इकडे आणले, तर इथेही खपली नाही. तीन वर्षांत कारखान्याला टाळं. जागृती त्या गाडीवर पुस्तक लिहीत होती, आणि अजून चालणारी एकुलती एक वेल्बी नामाशेठकडे होती.

मूळ इंग्रजी ओळ होती, 'जनरस बूट फॉर द होल फॅमिली'. आपण जिला डिकी म्हणतो तिला इंग्रज बूट म्हणतात, हे पंचविशीतल्या गमऱ्यांना कोण सांगणार? त्यांनी झोकात लिहून टाकलं. पाच हजार प्रती वाटून झाल्यावर मॅनेजरने ती ओळ सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली. "अशानं गाडी खपेल होय?" ऑफिस खो खो हसलं. पुढे कारखाना बंद पडला, शेकडो माणसं घरी बसली, आणि हे आपल्याच लेखणीचं पाप, असं गमऱ्यांनी मनाशी धरलं. अडतीस वर्षांत बायकोलाही सांगितलं नाही.

जागृतीला ती ओळ सापडलीच. "'संपूर्ण कुटुंबाचे बूट मावतील अशी प्रशस्त जागा.' काका, हे काय आहे?"



"ह्याच वलीसाठी तं मी गाडी घेतली," नामाशेठ म्हणाले.

"म्हणजे?" जागृतीने विचारलं.

"गावातली पयली गाडी. लक्ष्मीच ना ती! तिच्यात चपला घालून कोन बसंल? बाकीचे कंपनीवाले नुसते इंजिन, इंजिन. ह्या वेल्बीवाल्यांनी लिवलंय, घरच्या सगल्यांची पायतानं कुटं ठेवायची."

"आजून तितंच ठेवतो आमी," म्हणत त्यांच्या बायकोने, पुतळाबाईंनी, डिकी उघडली. आत जुन्या पेपरावर आठ-नऊ जोड ओळीने मांडलेले होते. मासळी बाजाराचे पुतळाबाईंचे गमबूट, आणि कडेला नातीचे, मनस्वीचे, चिमुकले गुलाबी सँडल.

गमऱ्यांना राहवलं नाही. "पण ह्या ओळीमुळेच कंपनी बुडाली ना?"

"ह्यामुळे?" जागृती हसली. "नाही हो काका! गिअरबॉक्समुळे. पावसात अडकून बसायचा आणि सुटे भाग जहाजाने यायला सहा महिने. कंपनीच्या मीटिंगांचे सगळे कागद वाचलेत मी. ब्रोशरचा त्यात एक शब्द नाही."

गमऱ्यांनी पुन्हा विचारलं, "एकही नाही?"

"एकही नाही."

त्यांना एकदम हलकं वाटलं. मघापासून न शिवलेला चहा त्यांनी एका दमात संपवला. पार निवला होता, तरी बरा लागला.

"ज्यानी लिवलं त्याला घरातल्या मानसांची कालजी," नामाशेठ म्हणाले. "भेटला तं जेवल्याशिवाय सोडनार नाय मी."

"काय करणार, नाव कुठेच नाही." जागृतीने वही उघडली. "पुस्तकात 'अनुवादक अज्ञात' असंच छापते."

गमरे उठून उभे राहिले. सदरा नीट केला. खाकरले.

"अज्ञात नको. जयप्रकाश भिवा गमरे," ते म्हणाले. "आणि छापण्याआधी प्रूफ मात्र एकदा मला दाखव."