फ्रेममधला फोटो

एम.फार्म.ला प्रवेश मिळाला, तेव्हा माझं फोटो असलेलं फार्मसिस्टचं सर्टिफिकेट गावातल्या मेडिकलमध्ये महिन्याच्या भाड्यानं टांगून मी शहरात शिकायला गेले. काउंटरवर बारावी झालेला मालकच असतो.

दिवाळीच्या सुट्टीत दुकानात डोकावले. एक आजी मालकाला सांगत होत्या, "शुगरची नवी गोळी घेतल्यापासून चक्कर येते. परवा मोरीत पडले."

मी चिठ्ठी आणि स्ट्रिप शेजारी ठेवून पाहिली. डॉक्टरांनी एक मिलिग्रॅमची लिहिली होती. मालकानं चारची दिली होती.

मी मुकाट्यानं स्ट्रिप बदलली. आजींना पायरीपर्यंत सोडताना हळूच म्हणाले, "पुढच्या वेळी स्टँडजवळच्या दुकानातून घ्या."

"ते जवळ पडतं गं," आजी हसल्या. "पण इथं भिंतीवर तुझा फोटो आहे ना. शिकलेली पोर बघते, म्हणून तर एवढं चालत येते."