जास्वंदीचं तेल

२०२१च्या वादळात प्रीतमची होडी मालवणला परतलीच नाही. सुतकात कुणी डोक्याला तेल लावत नाही. पण त्याची आई काशीबाई सून सारिकाला रोज पाटावर बसवून तिच्या केसांत जास्वंदीचं तेल जिरवायची.

"सुतकात तेल घालतंस गो?" शेजारीण दारातूनच म्हणाली.

"कसला सुतक? माझो झील, माझो प्रीतम येतलो."

तेवढ्यावर सारिकाच्या पोटात दोन घास जायचे.

दहाव्या दिवशी तीच म्हणाली, "आई, आज मी तुमका लावतंय." काशीबाई नको नको म्हणत असताना तिने सासूचा अंबाडा सोडला.

 

केस राठ, कोरडे होते. होडी गेली त्या दिवसापासून त्यांना तेलाचा थेंब लागला नव्हता.