नुसतं ‘अहो’

ज्या बंदरातून गेलेली नवऱ्याची होडी परत आलीच नाही, तिथे ती एकटीच गाडी चालवत आली. धुकं इतकं दाट, की धक्क्यापुढचा समुद्रही दिसेना.

जाळं शिवत बसलेला म्हातारा म्हणाला, “इथे येऊन सगळ्याच हाका मारतात, पोरी. पण नावानं मार हो. नुसतं ‘अहो’ म्हटलंस, तर भलताच कुणी ओ देईल.”

उभ्या संसारात तिनं नाव कधी घेतलं नव्हतं. आताही ते ओठांवर आलं आणि लाजून मागे फिरलं.

“अहो!” ती ओरडली. “चला ना घरी!”

“आलोच!” धुक्यातून उत्तर आलं, आणि ओली पावलं धक्क्याच्या पायऱ्या चढू लागली.

आवाज त्यांचा नव्हता.

तरी शेजारच्या सीटवरची पर्स उचलून तिनं गाडीचं दार उघडून धरलं.